शुगर १७८ : पास की नापास?

मुलांनो, या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. तिनं नाव लिहिलंय, पण ‘छापू नका हं’ असंही लिहिलंय, म्हणून छापत नाही.

तिच्या आजोबांना मधुमेह आहे. बोट टोचून शुगर तपासायचं मशीन घरीच आणलंय. परवा मशीनवर १७८ असा आकडा आला. बाबा लगेच म्हणाले, “१७८! अण्णा, लग्नात पुन्हा जिलेबी खाल्लीत ना?” आजी म्हणाली, “सांगून सांगून माझं तोंड दुखलं.” आजोबा काहीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून मशीन कपाटावर पडून आहे. आजोबा आता महिन्यातून एकदा तालुक्याच्या लॅबमध्ये जातात, आणि जायच्या आदल्या रात्री गोळी घेऊन तसेच झोपतात. जेवतच नाहीत. पत्राच्या शेवटी ती विचारते, ‘बाई, १७८ म्हणजे नापास का? किती आले की पास?’

पत्र वाचून मला काळजी वाटली. पण ती १७८ची नाही बरं का, त्या न जेवण्याची. का, ते पुढे सांगतेच.

आपल्याला कुठलाही आकडा दिसला की तो मार्कांसारखा वाचायची सवय असते. शाळेतून लागलेली सवय आहे ती. पण तुम्हाला ताप आला आणि तापमापकात १०१ दिसलं, तर आई ‘१०१! शोभतं का तुला?’ असं म्हणते का? ती विचारते, कधीपासून वाटतंय? घसा दुखतो का? पावसात भिजलास का? आकडा दिसला की तिचे प्रश्न सुरू होतात. शुगरचा आकडाही असाच प्रश्न विचारण्यासाठी असतो. आणि पहिला प्रश्न आमच्या मैत्रिणीच्या पत्रात कुणीच विचारलेला दिसत नाही. १७८ आले, पण किती वाजता?

तुम्ही म्हणाल, वेळेनं काय फरक पडतो? खूप पडतो. बघा हं.

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यानं कधी गेला आहात? उसानं भरलेल्या ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या गेटाबाहेर रांग लावून उभ्या असतात. आता आपलं रक्त म्हणजे हा रस्ता, असं समजू या. आपण भाकरी खातो, पोळी, भात, बटाटा, केळं खातो. ते जिभेला गोड लागो वा न लागो, त्यातल्या पिठूळ भागाची पोटात शेवटी साखरच होते. ग्लुकोज म्हणतात तिला. ही साखर गाड्यांसारखी रक्ताच्या रस्त्यावर येते. शरीरातल्या पेशी म्हणजे कारखाने. त्यांना काम करायला ही साखर हवी असते. पण गेट बंद असतं! ते उघडणारा माणूस म्हणजे इन्सुलिन. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे, तिथून हा माणूस कामावर येतो.

टाइप टू मधुमेहात काय होतं, तर गेटं गंजतात. माणूस जोर लावून ढकलतो, पण गेट अर्धंच उघडतं. मग स्वादुपिंड आणखी माणसं पाठवतं. काही वर्षं असं निभतं. पुढे स्वादुपिंडही थकतं, माणसं कमी पडतात आणि रस्त्यावर गाड्या तुंबतात.

मशीनवरचा आकडा म्हणजे त्या क्षणी रस्त्यावर किती गाड्या उभ्या होत्या, एवढीच मोजणी. नुकतंच जेवण झालं असेल तर रस्ता भरलेलाच असणार, निरोगी माणसाचासुद्धा. हळूहळू तो मोकळा होतो. म्हणून तर डॉक्टर दोन वेळा मोजायला सांगतात. एकदा सकाळी, रात्रभर निदान आठ तास काही न खाता. आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. लग्नाची पंगत तास-तासभर चालते, तिथे हा फरक मोठा होतो.

आता गणिताची वही काढा. १७८ म्हणजे १७८ काय? तर १०० मिलिलिटर रक्तात १७८ मिलिग्रॅम ग्लुकोज. मोठ्या माणसाच्या अंगात ढोबळमानानं पाच लिटर रक्त असतं. म्हणजे १०० मिलिलिटरची ५० मापं. ५० गुणिले १७८ बरोबर ८,९०० मिलिग्रॅम, म्हणजेच ८.९ ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर साधारण पाच ग्रॅम धरा. आजोबांच्या सगळ्या रक्तात मिळून त्या वेळी पावणेदोन चमचे साखर होती. निरोगी माणसाचा सकाळचा आकडा ९० धरला, तर त्याच्या रक्तात एक चमचाही भरत नाही. घरात एवढं रामायण झालं ते चमचाभर साखरेवरून!

हसू नका मात्र. हा जादा चमचा रोज, वर्षानुवर्षं रस्त्यावर पडून राहिला, तर डोळ्यांतल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पायांच्या नसा बधिर होतात. दुखत-खुपत काही नाही, त्यामुळे कळतही नाही. म्हणून मोजायचं. (तुमचे कुणी काका इंग्लंडात असतील, तर त्यांच्या मशीनवर १७८ऐवजी ९.९ दिसेल. तिकडचं माप वेगळं आहे. त्यांच्या आकड्याला १८नं गुणलं की आपला आकडा येतो. करून बघा.)

तर मग किती हवा? इथे मोठ्या माणसांचाही गोंधळ होतो, म्हणून पालकांनीही वाचावं. दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्या आहेत. पहिली, मधुमेह आहे की नाही हे ठरवायची. उपाशीपोटी १००च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, आणि १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह. तोही एकदा मोजून ठरवत नाहीत, लॅबमध्ये तपासून पुन्हा खात्री करतात. दुसरी फूटपट्टी ज्यांना मधुमेह आहेच त्यांच्यासाठी. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना डॉक्टर जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत, असं लक्ष्य देतात. खूप वय झालेल्या किंवा इतर आजार असलेल्या माणसांना त्याहून सैल लक्ष्य देतात. लॅबच्या कागदावर मात्र पहिलीच फूटपट्टी छापलेली असते. त्यामुळे मधुमेह असलेल्या आजोबांचा सकाळचा आकडा १२४ आला, तरी तो ठळक अक्षरांत येतो आणि घरात सगळे हबकतात. खरं तर डॉक्टर १२४ बघून खूश होतील!

आता आमच्या मैत्रिणीला उत्तर देता येईल. ते १७८ लग्नाच्या जेवणानंतर दोन तासांचे असतील, तर आजोबांचं कौतुक करायला हवं, जिलेबी धरून! आणि सकाळी उपाशीपोटी असतील, तर ते जास्त आहेत. चार-पाच दिवस तसेच आले, तर डॉक्टरांना दाखवायचे. तेव्हाही ओरडायचं कारण नाहीच.

कारण सकाळचा आकडा हा भलताच फसवा गडी आहे. पुष्कळ आजी-आजोबांची तक्रार असते, ‘रात्री अर्धीच भाकरी खाल्ली, तरी सकाळी १५०!’ आणि घरच्यांना वाटतं, रात्री उठून डब्यातला लाडू खाल्ला असणार. तसं नसतं हो! आपल्या यकृतात साखरेचं गोदाम असतं. रात्री आपण जेवत नाही, पण मेंदूला तर साखर लागतेच. म्हणून यकृत गोदामातून थोड्या थोड्या गाड्या रस्त्यावर सोडत राहतं. पहाटे अंगात काही संप्रेरकं वाढतात, ती शरीराला उठायची तयारी करायला लावतात आणि गोदामातून जास्त गाड्या सुटतात. निरोगी माणसाचं इन्सुलिन त्या लगेच आत घेतं. मधुमेहात गेटं गंजलेली, म्हणून सकाळी आकडा चढलेला दिसतो. लाडवाचा डबा बिचारा तसाच! ताप, जखम पिकणं, अपुरी झोप, मनाला लागलेली काळजी यांनीही आकडा वर जातो.

मशीनचंही ऐका. आंबा कापून तसंच बोट टोचलं, तर मशीन आजोबांची नाही, आंब्याची साखर मोजतं! आकडा खोटाच वाढतो. म्हणून आधी साबणानं हात धुवायचे आणि नीट पुसायचे. बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचावं, कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, दमट हवेनं पट्ट्या बिघडतात. शिवाय मशीन चांगलं असलं तरी ते अंदाजानंच बोलतं. २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभरच्या वरच्या आकड्यांत १५ टक्के इकडे-तिकडे चालतात. १७८चे १५ टक्के काढा. म्हणजे खरा आकडा १५१ ते २०५ यांच्यात कुठेही असू शकतो. ‘काल १४२ होती, आज १५१ झाली, काय खाल्लंस?’ या प्रश्नाला म्हणूनच काही अर्थ नाही. आणि एक ताकीद. गंमत म्हणून तुम्ही आपलं बोट टोचून बघायचं नाही. एकाची सुई दुसऱ्यानं वापरली, तर रक्तातून आजार पसरतात.

ही मशीनं घराघरांत आली, त्यालाही फार वर्षं झालेली नाहीत. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ साली, कॅनडातल्या टोरांटो शहरात. बँटिंग आणि बेस्ट ही त्या शोधातली दोन मोठी नावं. जानेवारी १९२२मध्ये पहिलं इंजेक्शन मिळालं ते लेनर्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला. (बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर. आपला बालदिन! तोच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात.) पण शुगर मोजायची तर दवाखान्यातच जावं लागे. १९७०च्या आसपास अमेरिकेत एक मशीन निघालं, किलोभराहून जड, आणि ते फक्त डॉक्टरांना नि दवाखान्यांना मिळे. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या इंजिनिअरला लहानपणापासून टाइप वन मधुमेह होता. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावानं त्यांनी ते मिळवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःची शुगर मोजून लिहून ठेवू लागले. कशानं वाढते, कशानं उतरते, हे त्यांना त्या नोंदींतून कळत गेलं. पण डॉक्टर मंडळी इंजिनिअरचं ऐकेनात. मग या गृहस्थांनी काय केलं? वयाच्या पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं आणि स्वतःच डॉक्टर झाले!

तशी वही तुम्हीही घालू शकता, आजोबांच्या परवानगीनं. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, काय खाल्लं, चालणं झालं का, आणि मग आकडा. आकडा सगळ्यात शेवटी लिहायचा. घरात ही वही मार्कांच्या वहीसारखी कुणी वाचणार नाही, एवढं मात्र आधी बाबांकडून कबूल करून घ्या. मग गमती दिसतील. एकादशीला ‘आज तर माझा उपास’ म्हणणाऱ्या आजीचा आकडा इतर दिवसांपेक्षा जास्त! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिठूळच, त्यात बटाटा. पोटात त्याची साखर भराभर होते. चहात साखरेऐवजी गूळ घातला म्हणून आकडा फसत नाही, हेही दिसेल. आणि शतपावली! जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं, की पायांचे स्नायू गाड्या आत ओढून घेतात, गेट गंजलेलं असलं तरी. एकाच प्रकारचं जेवण, तीन-चार दिवस चालून आणि तीन-चार दिवस न चालता, दोन तासांनी मोजून बघा. तुम्हीही बरोबर चाला म्हणजे आजोबा टाळाटाळ करणार नाहीत. आता दंडावर चिकटवायचे सेन्सरही निघाले आहेत, ते दिवसभर आकडे दाखवतात. पण महाग आहेत. वही चार आण्यांची नसली तरी स्वस्त आहे.

आजोबा लॅबमध्ये जातात, तिथे आणखी एक तपासणी करता येते. लोक तिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात, कागदावर नाव असतं एचबीएवनसी. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. रस्त्यावर साखर जास्त असेल, तर ती त्यांना चिकटत जाते. किती चिकटली ते मोजलं, की दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तो आकडा ७ आला, तर सरासरी शुगर १५४च्या जवळपास होती, असं समजतात. रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल, तर हा आकडा चुकतो, तेव्हा ते डॉक्टरांना आधी सांगायचं. आदल्या रात्री उपाशी राहून मात्र तो हलत नाही. या परीक्षेत कॉपी चालत नाही!

आणि आता त्या न जेवण्याकडे येऊ. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज २०२३ साली एका मोठ्या सरकारी पाहणीतून निघाला. त्यातल्या कितीतरी घरांत दुपारी आई-बाबा कामावर असतात आणि घरात आजी-आजोबा नि तुम्हीच असता. म्हणून हे तुम्हाला ठाऊक हवं.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिनचं इंजेक्शन तुम्ही जेवलात की नाही, हे बघत नाहीत. त्यांनी गेट उघडायचं म्हणजे उघडायचं. (सगळ्या गोळ्या अशा नसतात. आजोबांची कुठली, ते डॉक्टरांना विचारा.) गोळी घेतली आणि जेवण केलंच नाही, तर रस्त्यावरच्या होत्या नव्हत्या गाड्या आत जातात आणि रस्ता रिकामा होतो. मेंदूला साखर मिळेनाशी होते. आकडा ७०च्या खाली गेला, की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. कधी माणूस उगाच चिडतो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं, आजोबा तिरसटपणा करताहेत. १७८ त्या तासाला काही बिघडवत नाही. ४५ मात्र अर्ध्या तासात माणसाला बेशुद्ध करू शकतो. मार्क वाढवायला आजोबा उपाशी झोपतात, तेव्हा ते या ४५च्या वाटेवर असतात, आणि तेही रात्री, सगळे झोपलेले असताना.

असं झालं तर आधी मशीन शोधत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर चहाचे तीन-चार चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून प्यायला द्या. ग्लुकोजची पावडर असेल तर उत्तमच, काही गोळ्या चालू असताना साधी साखर लवकर लागू पडत नाही. लाडू, चॉकलेट नको, त्यातल्या तुपानं साखर रक्तात पोचायला उशीर होतो. पंधरा मिनिटं थांबा, मग मोजा. अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की पोळी-भाजी, दूध-भात असं काहीतरी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं, शेजारच्यांना हाक मारायची आणि १०८ला फोन करायचा.

उलट बाजूही आहे. आकडा सारखा ३००च्या वर, खूप तहान, सारखी लघवी, उलट्या किंवा गुंगी असं असेल, तर उद्यावर न ढकलता दवाखाना गाठायचा.

ग्लुकोजचा डबा घरात कुठे आहे, तो आज बघून ठेवा. नसेल तर आईला आणायला सांगा. डॉक्टरांचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, गोळ्यांची नावं त्याखाली. आणि कधी शुगर अशी उतरलीच, तर सगळं निवळल्यावर वहीत लिहून ठेवा, किती वाजता, त्याआधी काय खाल्लं होतं, गोळी कधी घेतली होती. गोळी बदलायची की कमी करायची, ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही. त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. डॉक्टरांना ते पान सगळ्यात आधी दाखवायचं.